बशीतले मूत्रपिंड कशासाठी?

माहीमपासून बोईसर-तारापूरपर्यंत, ज्या घरात कोणी डायलिसिसवर आहे तिथे हल्ली एक आशा बोलून दाखवली जाते: प्रयोगशाळेत किडनी तयार झाली आहे, थोडी वर्षे कळ काढली की दाता शोधायला नको. ही आशा निराधार नाही. शिन्या यामानाका यांनी २००७ साली माणसाच्या त्वचेच्या पेशींना स्टेम सेलचे रूप दिले. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात मिनोरू ताकासातो आणि मेलिसा लिटल यांनी अशाच पेशींतून मूत्रपिंडाचे इवले ऊतक वाढवले. त्यात रक्त गाळणारे गुच्छ होते, नलिकाही होत्या.

तरी ते मूत्रपिंड नव्हे. निरोगी मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारी सूक्ष्म एकके, असतात, या ऊतकात शंभरच्या घरात. त्याची वाढ पहिल्या तिमाहीतल्या गर्भाच्या मूत्रपिंडाइतकीच. मूत्र बाहेर नेणारी वाट त्याला नाही. नुसता आकार वाढवावा, तर रक्तप्रवाहाअभावी आतल्या पेशी मरतात. २०१८ मध्ये उंदरांत रोपण केल्यावर त्यात रक्तवाहिन्या शिरल्या खऱ्या. पण उंदरातले ते यश आणि माणसाचे रक्त रोज शुद्ध करणारा अवयव यांत फार मोठे अंतर आहे.

मग हा सारा खटाटोप व्यर्थ, असे म्हणणारेही चुकतात. सिस्प्लॅटिनसारखे कर्करोगावरचे औषध मूत्रपिंडाला कशी इजा करते, हे या ऊतकावर रुग्णाला धोका न होता तपासता येते. आनुवंशिक पॉलिसिस्टिक विकारातल्या गाठी त्यात वाढताना दिसतात. २०२० मध्ये करोना विषाणूचा संसर्ग रोखण्याचा एक उपायही अशाच ऊतकावर पारखला गेला. औषध माणसाला देण्यापूर्वीच्या चाचण्यांत मानवी पेशींवर आधारित पद्धतींना भारताच्या नियमांनी २०२३ मध्ये जागा दिली. ज्या तारापूर औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल बनतो, तिथल्या लोकांनी तरी या उपयोगाचे मोल ओळखावे.

चुकीच्या आशेची किंमत रुग्ण मोजतो. मूत्रपिंडासाठी स्टेम सेलचे इंजेक्शन विकणाऱ्यांना याच आशेवर गिऱ्हाईक मिळते. रक्ताचे ठरावीक विकार वगळता असे उपचार मान्य चाचणीबाहेर करू नयेत, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. आज उपाय आहेत ते हेच: मधुमेह व रक्तदाब आटोक्यात ठेवणे, क्रिएटिनीन वेळेवर तपासणे, डायलिसिस न चुकवणे आणि १९९४ च्या कायद्याने खुला केलेला अवयवदानाचा मार्ग. बशीतले ऊतक उद्याची औषधे अधिक सुरक्षित करील. आजच्या रुग्णाला मात्र दाताच हवा, आणि तो आपल्यातूनच पुढे आला पाहिजे.