ॲबडक्टर : पळवून नेणारा आणि दूर नेणारा

वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर एखाद्या बालकाच्या अपहरणाची बातमी असते आणि इंग्रजी बातमीत त्या गुन्हेगारांना 'ॲबडक्टर' म्हटलेले असते. त्याच दिवशी घरातील आजोबांच्या खुब्याच्या तपासणीचा अहवाल हाती येतो आणि त्यातही 'ॲबडक्टर' दुर्बल झाल्याची नोंद आढळते. शब्द एकच, पण एका ठिकाणी तो समाजाला भय घालणारा मनुष्य आहे, तर दुसऱ्या ठिकाणी माणसाला तोल सावरून चालवणारा स्नायू. इतके परस्परविरोधी अर्थ एकाच शब्दात कसे नांदतात, हे समजण्यासाठी त्याच्या मुळाशी जावे लागते.

शब्दाचे मूळ

'ॲबडक्टर' हा शब्द लॅटिन भाषेतून आला. 'ॲब' म्हणजे पासून, दूर. 'डूकेरे' म्हणजे नेणे. आणि शेवटचा 'ऑर' हा प्रत्यय ती क्रिया करणाऱ्याचा निर्देश करतो. दूर नेणारा तो ॲबडक्टर, एवढाच त्याचा मूळ अर्थ. कोणाला नेणारा, कोठून नेणारा, कशासाठी नेणारा, यांविषयी शब्द मौन बाळगतो. ती पोकळी पुढे कायद्याने एका प्रकारे भरली आणि शरीररचनाशास्त्राने दुसऱ्या प्रकारे.

'डूकेरे' या धातूचा परिवार मराठी माणसाच्या नित्य परिचयाचा आहे. एसटीचा कंडक्टर हा प्रवाशांना बरोबर घेऊन जाणारा. इंट्रोडक्शन म्हणजे आत नेणे, रिडक्शन म्हणजे मागे नेणे, प्रॉडक्शन म्हणजे पुढे आणणे. स्वयंपाकघरातील इंडक्शन शेगडी आणि वातानुकूलन यंत्रणेचा डक्ट हेही याच कुळातले. पुढे चालून इतरांना नेणारा तो लॅटिनमध्ये 'डक्स'. त्यावरून इंग्रजीत 'ड्यूक' आला आणि इटालियनमध्ये 'दूचे', जी पदवी मुसोलिनीने धारण केली होती.

संस्कृतातील 'नी' या धातूचा संसार थेट असाच आहे. त्यापासून नेता आणि नायक झाले. उपसर्ग लागून उपनयन, परिणय, अभिनय, विनय असे शब्द तयार झाले. 'अप' म्हणजे दूर आणि 'नयन' म्हणजे नेणे. म्हणून 'अपनयन' हा शब्द 'ॲबडक्शन'चा अक्षरशः जुळा भाऊ ठरतो. कायद्याच्या मराठीत तो वापरलाही जातो. लोकव्यवहारात मात्र 'हृ' धातूपासून झालेला 'अपहरण' हाच शब्द रूढ झाला.

उपसर्गामुळे धातूचा अर्थ बळाने दुसरीकडे नेला जातो, असे संस्कृत वैयाकरणांनी सांगितले आणि त्यासाठी उदाहरणे दिली ती याच 'हृ' धातूची : प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. बळाने दुसरीकडे नेणे म्हणजे अपहरणच! उपसर्ग हा जणू अर्थाचा अपहरणकर्ता आहे, असे त्या विद्वानांनी नकळत सांगून ठेवले. मराठीने या धातूत आणखी एक सूक्ष्म भेद केला. माणसाचे होते ते अपहरण आणि पैशाचा होतो तो अपहार. पतसंस्थेच्या निधीचे कोणी अपहरण केले असे मराठी वाचक कधी म्हणणार नाही.

आधी स्नायू, मग गुन्हेगार

आजच्या वाचकाला असे वाटणे स्वाभाविक आहे, की मूळ शब्द गुन्हेगाराचा असावा आणि शरीरशास्त्रज्ञांनी तो रूपकाने स्नायूला लावला असावा. वस्तुस्थिती उलट आहे. इंग्रजीत 'ॲबडक्टर' हा शब्द सतराव्या शतकापासून स्नायूसाठी वापरात होता. पळवून नेणारा मनुष्य या अर्थाने तो एकोणिसाव्या शतकात रुळला. त्या काळी शरीरशास्त्राची भाषा लॅटिन होती आणि स्नायूला त्याच्या कामावरून नाव देण्याची पद्धत होती. वाकवणारा तो फ्लेक्सर, ताठ करणारा एक्स्टेन्सर, उचलणारा लिव्हेटर आणि दूर नेणारा ॲबडक्टर. 'मसल' या शब्दाचा मूळ अर्थ मात्र 'लहानसा उंदीर' असा आहे. कातडीखाली हलणारा गोळा रोमन लोकांना उंदरासारखा दिसला. मराठी माणसाला दंडावर बेडकुळी दिसली.

अपहरणकर्त्यासाठी इंग्रजीत 'किडनॅपर' हा दुसरा शब्द आहे. 'किड' म्हणजे मूल आणि 'नॅप' म्हणजे झडप घालून उचलणे. सतराव्या शतकात अमेरिकेतील वसाहतींमध्ये राबण्यासाठी मुलांना व तरुणांना पळवून नेले जात असे, त्या व्यवहारातून हा शब्द जन्मला. आज 'किडनॅपर' म्हटले की खंडणी डोळ्यांसमोर येते. 'ॲबडक्टर' हा त्या मानाने अधिक औपचारिक शब्द आहे. विमान पळवणाऱ्याला इंग्रजीत 'हायजॅकर' हे वेगळे नाव आहे. मराठीत मात्र माणूस असो वा विमान, 'अपहरण' या एकाच शब्दावर भागते.

कायद्यातील भेद

बोलीभाषेत किडनॅपिंग आणि ॲबडक्शन यांत फरक केला जात नसला, तरी भारतीय कायदा तो कसोशीने करतो. हिंदीत त्यासाठी 'व्यपहरण' आणि 'अपहरण' अशी स्वतंत्र नावे आहेत. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील हा भेद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम राहिला. नव्या संहितेच्या कलम १३७ मध्ये किडनॅपिंगची आणि कलम १३८ मध्ये ॲबडक्शनची व्याख्या आहे.

अठरा वर्षांखालील बालकाला पालकाच्या संमतीशिवाय त्याच्या ताब्यातून नेणे हे किडनॅपिंग होय. येथे बालकाची स्वतःची संमती विचारात घेतली जात नाही. जुन्या संहितेत मुलासाठी सोळा आणि मुलीसाठी अठरा अशी वेगवेगळी वयोमर्यादा होती. नव्या संहितेने दोघांसाठी अठरा हीच मर्यादा ठेवली. ॲबडक्शनमध्ये वयाचे बंधन नाही. कोणत्याही व्यक्तीला बळजबरीने किंवा फसवून एखाद्या ठिकाणाहून जाण्यास भाग पाडणे, एवढी तिची व्याख्या आहे. किडनॅपिंग हा स्वतःच शिक्षापात्र गुन्हा आहे, तर ॲबडक्शन शिक्षापात्र ठरते ते त्यामागील हेतूमुळे. खून, खंडणी, बळजबरीचा विवाह यांपैकी जो हेतू असेल त्यानुसार कलम बदलते. खंडणीसाठी ओलीस ठेवून जिवाची धमकी दिल्यास जन्मठेप किंवा मृत्युदंडापर्यंत शिक्षा होऊ शकते.

संमतीचा हा प्रश्न भारतीय परंपरेला नवा नाही. सीतेचे हरण रावणाने कपटाने केले. रुक्मिणीने मात्र कृष्णाला स्वतःहून निरोप पाठवला होता. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ सालच्या 'संगीत सौभद्र' नाटकातील सुभद्रेचे मन अर्जुनावर जडलेले आहे. तिन्ही प्रसंगांना भाषेने 'हरण' हे एकच नाव दिले असले, तरी पहिल्यात ॲबडक्टर आहे आणि उरलेल्या दोहोंत तो शोधूनही सापडत नाही.

शरीरातील ॲबडक्टर

शरीराच्या मधून उभी रेषा काढली, तर हात किंवा पाय त्या रेषेपासून बाजूला नेण्याच्या हालचालीला ॲबडक्शन म्हणतात. परत रेषेकडे आणणे म्हणजे ॲडक्शन. शाळेतील कवायतीत 'विश्राम' म्हटल्यावर पाय बाजूला जातो ते ॲबडक्शन आणि 'सावधान' म्हटल्यावर तो जवळ येतो ते ॲडक्शन. बोटांसाठी ही रेषा वेगळी आहे : हाताच्या पंजात ती मधल्या बोटातून जाते, तर पावलात अंगठ्याशेजारच्या बोटातून.

हात बाजूला उचलण्याचे काम प्रामुख्याने खांद्यावरील डेल्टॉइड स्नायू करतो. आरंभीच्या हालचालीत सुप्रास्पायनेटस त्याला साहाय्य करतो. अंगठा दूर नेणाऱ्या ॲबडक्टर पॉलिसिस लाँगस या स्नायूची दोरी मनगटापाशी आवळली गेली, की अंगठ्याच्या मुळाशी तीव्र कळ येते. तान्ह्या बाळाला वारंवार उचलणाऱ्या मातांमध्ये हा विकार विशेष आढळतो. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द केर्वाँ यांनी १८९५ मध्ये त्याचे वर्णन केले आणि त्यांचेच नाव त्याला मिळाले.

खुब्याचे ॲबडक्टर, म्हणजे मुख्यतः ग्लुटियस मीडियस आणि ग्लुटियस मिनिमस, यांचे खरे कार्य पाय बाजूला उचलण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे. चालताना प्रत्येक पावलागणिक मनुष्य क्षणभर एका पायावर उभा असतो. त्या क्षणी टेकलेल्या पायाकडील ॲबडक्टर ओटीपोटाची हाडे समतोल धरून ठेवतात. ते दुर्बल झाले तर उचललेल्या पायाची बाजू खाली झुकते आणि चाल डुलती होते. जर्मन शल्यचिकित्सक फ्रिडरिश ट्रेंडेलनबुर्ग यांनी हे लक्षण १८९५ मध्येच नोंदवले. आजही डॉक्टर रुग्णाला एका पायावर उभे करून तीच परीक्षा घेतात.

डोळा बाहेरच्या बाजूस वळवणाऱ्या स्नायूला चालना देणाऱ्या सहाव्या मस्तिष्क-चेतातंतूचे नावच 'ॲबड्यूसन्स' आहे. तो निकामी झाला की डोळा आत वळतो आणि एका वस्तूच्या दोन दिसू लागतात. सर्वांत महत्त्वाचा ॲबडक्टर मात्र स्वरयंत्रात दडलेला आहे. स्वररज्जू परस्परांपासून दूर नेऊन श्वासाला वाट करून देणारी स्नायूंची एकच जोडी तेथे असते. दोन्ही बाजूंची ही जोडी लुळी पडली, तर श्वासाचा मार्ग अरुंद होऊन प्राणावर बेतू शकते. म्हणूनच थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत तिला चालना देणारे चेतातंतू शल्यचिकित्सक जिवापाड जपतात.

एका अक्षराचे अंतर

ॲबडक्टरचा प्रतिस्पर्धी तो ॲडक्टर. 'ॲड' म्हणजे कडे. मांड्यांच्या आतील बाजूचे ॲडक्टर स्नायू घोडेस्वाराला मांड पक्की ठेवण्यास आणि मल्लखांबपटूला लाकूड पकडून धरण्यास उपयोगी पडतात. क्रिकेटपटू जांघेतील स्नायू दुखावल्याने संघाबाहेर गेला, अशा बातमीत बहुधा याच स्नायूंचा संबंध असतो.

दोन्ही शब्दांचा उच्चार इतका निकटचा आहे, की घाईत एक बोलला तर दुसरा ऐकू यावा. अर्थ मात्र नेमके विरुद्ध. खुब्याचा सांधा बदलल्यानंतर अनेक रुग्णांच्या दोन्ही पायांमध्ये उशी ठेवून पाय ॲबडक्शनमध्ये ठेवतात आणि पायावर पाय चढवण्यास मनाई करतात. कारण ॲडक्शन झाल्यास सांधा निखळण्याचा धोका असतो. तेथे एका अक्षराची चूक रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेऊ शकते. म्हणून अनेक डॉक्टर हे शब्द उच्चारताना 'ए-बी-डक्शन' आणि 'ए-डी-डक्शन' अशी अक्षरे सुटी करून सांगतात. अहवाल वाचणाऱ्या नातेवाइकांनीही शंका आल्यास 'पाय बाहेर की आत?' एवढे साध्या मराठीत विचारून घ्यावे.

शब्द लावण्यापूर्वी

वैद्यकात या शब्दाची चूक एका रुग्णाला भोवते. समाजात ती अधिक भीषण ठरते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातील पाच जणांना ठार मारले. त्यांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते. मोबाइलवरून फिरणाऱ्या संदेशांनी जो शब्द गावोगाव पोहोचवला होता, तो जमावाने समोर दिसलेल्या परक्या माणसांना लावला. तो खरा की खोटा, हे तपासण्यास कोणी थांबले नाही.

कायदा ॲबडक्टर ठरवताना बळ, कपट, हेतू आणि संमती यांचा पुरावा मागतो. डॉक्टर रुग्णाला एका पायावर उभे करून पाहतो. दोघेही शब्द लावण्यापूर्वी परीक्षा घेतात. दूर नेणे ही मुळात निव्वळ एक क्रिया आहे. ती गुन्हा आहे की सेवा, हे कोणाला, कोठून आणि कशासाठी नेले यावर अवलंबून असते.