अद्भुताचाही हिशेब असतो

सांगली-साताऱ्याच्या वाचकाला अद्भुत म्हणजे काय हे शिकवायला कुणी बसू नये. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ सांगलीतच रंगभूमीवर आणले, आणि पुढे त्या धर्तीच्या नाटकांतली राक्षसपार्टी ‘अलल डुर्र’ करीत तलवारी परजत गावोगाव गाजली. मागोमाग कादंबरीही आली: १८६१मध्ये हळब्यांची ‘मुक्तामाला’, १८६८मध्ये रिसबुडांची ‘मंजुघोषा’. वाचायला गंमत येते, पण नायक अडला की योगायोग धावून येतो आणि त्याचे मोल कुणालाच चुकवावे लागत नाही.

‘मंजुघोषा’नंतर शंभर वर्षांनी, १९६८मध्ये, अमेरिकेत बर्कलीच्या पार्नासस प्रेसने अर्सुला ले ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही कादंबरी काढली. आधुनिक अद्भुतकथेच्या दालनात पाऊल टाकणाऱ्याने, माझ्या मते, इथूनच आत यावे. हजार पानांचे ठोकळे नंतर आहेतच.

गाँट नावाच्या बेटावर शेळ्या राखणारा, आईवेगळा, तांबूस-सावळ्या वर्णाचा गेड हा तिचा नायक. त्या जगात प्रत्येक वस्तूला एक खरे नाव आहे आणि ते ज्याला ठाऊक, त्याची त्या वस्तूवर सत्ता. म्हणून माणसे आपले खरे नाव लपवतात, चारचौघांत टोपणनावाने वावरतात. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावे लागू नये. घरात मुले जगत नसली की पुढच्याचे नाव दगडू नाहीतर धोंडू ठेवायचे, म्हणजे दृष्ट त्याच्याकडे वळत नाही. नागपंचमीला नाग पुजणाऱ्या शिराळ्याच्या मुलखातही रात्री सापाचे नाव न काढता ‘लांबडं’ म्हणणारी माणसे भेटतील. ले ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्रज्ञ होते. असल्या समजुतींकडे आदराने पाहायची सवय लेखिकेला घरातूनच लागली असावी.

पण नाव कळले म्हणून वाटेल ते करता येत नाही. रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत गुरू बजावतात, की इकडे पाऊस ओढून आणला तर दुसऱ्या बेटाचा हुकेल. महाबळेश्वरला धो धो कोसळून माण, आटपाडी, जतला पाठ दाखवणारा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा धडा एका वाक्यात पटेल. गेडला तो पटत नाही. शाळेतल्या एकाशी ईर्ष्येला पेटून तो मेलेल्या राणीचा आत्मा बोलावतो. त्यामुळे पडलेल्या फटीतून एक काळी छाया बाहेर पडून त्याचा चेहरा फाडते. फट बुजवताना शाळेच्या मुख्य जादूगाराचा प्राण जातो. उरलेली कादंबरी म्हणजे या देण्याची वसुली. त्यात कुठे सैन्यांची लढाई नाही. होडीतून एकट्याने केलेला प्रवास आणि थंडी मात्र भरपूर. काहींना ती कोरडी वाटते. मला तिचा हा काटकसरीपणाच आवडतो.

या दालनातले कुठलेही पुस्तक उघडाल तेव्हा हा प्रश्न हाताशी ठेवा: इथल्या चमत्काराची किंमत कोण मोजते? ‘अर्थसी’लाही तो लावून पाहा. रोकच्या शाळेत एकही मुलगी नाही आणि खेड्यातल्या बायकांचे मंत्रतंत्र हलके मानले जातात. पुढे लेखिकेलाच ते सलले. १९९०च्या ‘तेहानू’ या चौथ्या भागात कथा शाळा सोडून शेतावरच्या एका विधवेच्या घरात शिरते. तेव्हा पहिला भाग वाचतानाच त्या जागांवर पेन्सिलीने खूण करून ठेवावी.