राजनिष्ठा की देशनिष्ठा?
लाल किल्ल्यातील खटल्याचा धडा



शपथ हा शब्द आपण रोजच्या बोलण्यात फार स्वस्त केला आहे. पण सैन्यात तो स्वस्त नसतो. सैनिकाच्या हाती शस्त्र असते, आणि त्या शस्त्रावर लगाम असतो तो त्याने घेतलेल्या शपथेचा. शपथ सुटली की सैन्य आणि टोळी यांत फरक उरत नाही. म्हणूनच प्रत्येक देशात शपथ मोडणाऱ्या सैनिकाला सर्वांत कठोर शासन ठेवलेले असते.

असे असूनही इतिहासात अशी वेळ येते की राज्याची उलथापालथ होत असते आणि अधिकाऱ्याला मनाशी विचारावे लागते, ‘मी शपथ घेतली ती कोणाची? आणि मी बांधील आहे तो कोणाला?’ आपल्या देशात ही वेळ दुसऱ्या महायुद्धात आली. तिचा निवाडा ५ नोव्हेंबर १९४५ पासून दिल्लीच्या लाल किल्ल्यात भर लष्करी न्यायालयात सुरू झाला. त्या निवाड्याची हकीगत आपण जाणून घ्यावी, कारण तिच्यात केवळ शौर्य नाही. विचार करायला लावणारे पुष्कळ आहे.

आरोपी तिघे होते. कॅप्टन शाहनवाज खान, कॅप्टन प्रेमकुमार सहगल आणि लेफ्टनंट गुरुबक्षसिंग धिल्लन. एक मुसलमान, एक हिंदू आणि एक शीख. तिघेही ब्रिटिश हिंदी सैन्याचे अधिकारी. त्यांच्यावर मुख्य आरोप होता बादशहाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा. हिंदी दंडविधानाच्या १२१ व्या कलमाखाली त्याला शिक्षा होती फाशी किंवा जन्मठेप काळे पाणी.

यातील शाहनवाज खान यांचे उदाहरण विशेष विचार करण्याजोगे आहे. २४ जानेवारी १९१४ रोजी रावळपिंडी जिल्ह्यातील मटोर या गावी, जंजुआ राजपूत घराण्यात त्यांचा जन्म झाला. पिढ्यान्‌पिढ्या लष्करात चाकरी करणारे हे घराणे. वडील सैन्यात होते, भाऊबंद सैन्यात होते. डेहराडूनला लष्करी शिक्षण घेऊन शाहनवाज १४ व्या पंजाब पलटणीत अधिकारी झाले. राजनिष्ठा ही त्यांच्या घरात वाडवडिलांची ठेव होती. तेव्हा हा मनुष्य उतावळा बंडखोर नव्हता, हे आधी लक्षात घ्यावे.

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. दोन दिवसांनी, १७ तारखेला, तेथील फॅरर पार्क मैदानावर सुमारे ४५ हजार हिंदी सैनिकांना गोळा करण्यात आले. कर्नल हंट या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यांना जपानच्या मेजर फुजिवारा यांच्या हवाली केले आणि यापुढे जपान्यांचे हुकूम पाळावेत असे बजावले. फुजिवारांनी तेथेच त्यांना कॅप्टन मोहनसिंग यांच्या स्वाधीन केले. आझाद हिंद सेनेची सुरुवात या मैदानावर झाली. गुराढोरांसारखे आपल्याला एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती दिले, ही भावना शाहनवाज यांच्या मनाला फार लागली, असे त्यांनी पुढे न्यायालयात सांगितले.

पण म्हणून ते लगेच फौजेत सामील झाले काय? नाही. उलट त्यांनी आरंभी विरोध केला आणि समविचारी अधिकाऱ्यांना एकत्र केले. जपान्यांच्या हेतूंवर त्यांचा भरवसा नव्हता. पुढे ते आत शिरले तेही युद्धकैद्यांचे रक्षण व्हावे आणि जपान्यांनी फौजेचा गैरवापर केल्यास तो आतून हाणून पाडावा, या हेतूने. डिसेंबर १९४२ मध्ये मोहनसिंगांचे जपान्यांशी बिनसले आणि ती पहिली फौज मोडली. जुलै १९४३ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस सिंगापुरास आले. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी त्यांनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली. नेताजींचे विचार ऐकल्यावर शाहनवाज यांचा निर्णय पक्का झाला. बादशहा की देश, असा प्रश्न समोर उभा राहिला तेव्हा आपण देश निवडला, हे त्यांनी न्यायासनासमोर कसलाही आडपडदा न ठेवता सांगितले. त्यांनी सुभाष ब्रिगेडचे नेतृत्व केले, १९४४ साली ब्रह्मदेशातील चीन टेकड्यांत भूक आणि रोगराई सोसत लढाई दिली आणि मे १९४५ मध्ये ते पकडले गेले.

या फौजेत आपला मराठी मुलूखही होता. सावंतवाडी संस्थानातील जगन्नाथराव भोसले हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी आझाद हिंद सेनेत वरिष्ठ पदावर होते. स्वातंत्र्यानंतर ते केंद्र सरकारात उपमंत्री झाले.

आता खटल्याकडे वळू. फिर्यादी पक्षाची बाजू ॲडव्होकेट जनरल सर नौशेरवान इंजिनियर यांनी मांडली. बचावासाठी सर तेजबहादूर सप्रू, कैलासनाथ काटजू आणि असफ अली उभे होते. पंडित जवाहरलाल नेहरूंनीही कित्येक वर्षांनी बॅरिस्टरचा झगा अंगावर चढवला. पण खरा भार वाहिला तो मुंबईचे विख्यात कायदेपंडित भुलाभाई देसाई यांनी. त्यांची प्रकृती तेव्हा ढासळलेली होती. खटल्यानंतर काही महिन्यांतच, ६ मे १९४६ रोजी, ते वारले.

भुलाभाईंच्या युक्तिवादाचा गाभा असा. स्वतंत्र देशात राजा आणि देश एकच असतात, त्यामुळे राजाशी निष्ठा म्हणजेच देशाशी निष्ठा. परतंत्र देशात मात्र या दोन गोष्टी फुटून वेगळ्या होतात. राजा एका बाजूला, देश दुसऱ्या बाजूला. अशा वेळी देशासाठी लढणाऱ्याला केवळ शपथेच्या बळावर गुन्हेगार ठरवता येणार नाही. अमेरिकेतील वसाहतींनी १७७६ साली इंग्लंडच्या राजाशी असलेले नाते तोडले, तोही असाच प्रसंग होता. शिवाय ज्या सत्तेने फॅरर पार्कवर आपले सैनिक शत्रूच्या हवाली केले, तिला त्याच सैनिकांकडे निष्ठा मागण्याचा अधिकार किती उरतो?

न्यायालयाने हा युक्तिवाद मान्य केला नाही. तिघांनाही युद्ध पुकारल्याबद्दल दोषी ठरवून जन्मठेप काळे पाणी, बडतर्फी आणि थकलेला पगार जप्त, अशा शिक्षा दिल्या. परंतु देश पेटला होता. नोव्हेंबर १९४५ मध्ये कलकत्त्यात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला होता. सरसेनापती ऑकिन्लेक यांनी लोकमताचा रोख ओळखला आणि ३ जानेवारी १९४६ रोजी काळ्या पाण्याची शिक्षा माफ केल्याचे जाहीर झाले. तिघे मोकळे झाले, पण बडतर्फी कायम राहिली. पुढच्याच महिन्यात याच फौजेचे कॅप्टन रशीद अली यांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली, तेव्हा काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट यांचे झेंडे कलकत्त्याच्या रस्त्यांवर एकत्र फडकले. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’वरील नौसैनिकांनी संप पुकारला, त्यामागेही या खटल्यांची धग होती.

वाचकहो, येथेच लेख संपवला तर एका बाजूचेच सांगितल्यासारखे होईल. म्हणून दोन गोष्टी आणखी सांगितल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट कॅप्टन मतीन अहमद अन्सारी यांची. हे राजपूत रेजिमेंटचे अधिकारी, एका मोठ्या संस्थानिकाच्या नात्यातले. डिसेंबर १९४१ मध्ये हाँगकाँग पडले तेव्हा ते जपान्यांच्या कैदेत गेले. ब्रिटिशांशी नाते तोडा आणि हिंदी कैद्यांत फितुरी पसरवा, म्हणून त्यांच्यावर दडपण आले. त्यांनी साफ नकार दिला. छळ झाला, उपासमार झाली. त्यातून छावणीत परत आल्यावरही त्यांनी कैद्यांच्या सुटकेचे गुप्त प्रयत्न सोडले नाहीत. पुन्हा पकडले गेले, पुन्हा छळ झाला, पण एकाही साथीदाराचे नाव त्यांनी सांगितले नाही. २९ ऑक्टोबर १९४३ रोजी जपान्यांनी त्यांचा शिरच्छेद केला. त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. हाँगकाँगच्या स्टॅनले येथील लष्करी दफनभूमीत त्यांची कबर आहे.

दोघेही मुसलमान, दोघेही हिंदी, दोघांचा हुद्दा एकच. एकाने शपथ मोडली, एकाने प्राण देऊन पाळली. मग आपण कोणाला सलाम करावा? ज्यांना या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात हवे आहे, त्यांनी अन्सारींच्या समोर कोण होते ते पाहावे. कैद्यांवर जुलूम करणाऱ्या सत्तेपुढे ते झुकले नाहीत. आणि शाहनवाज यांच्यासमोर कोण होते? आपला देश ताब्यात ठेवणारी सत्ता. दोघांनीही भीतीपोटी किंवा लाभासाठी निर्णय केला नाही, ही गोष्ट दोघांत समान आहे.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. शाहनवाज यांच्यावर आणखी एक आरोप होता. आझाद हिंद सेनेतून पळून जाण्याचा प्रयत्न करणाऱ्या महंमद हुसेन नावाच्या शिपायाला मार्च १९४५ मध्ये गोळी घालण्याचा हुकूम त्यांनी दिला, हा तो आरोप. ती शिक्षा अमलात आल्याचे सिद्ध होत नाही, असे बचाव पक्षाचे म्हणणे होते. तरीही न्यायालयाने खुनास साहाय्य केल्याबद्दल शाहनवाज यांना दोषी धरले. म्हणजे ज्याने पहिली शपथ सोडली, त्याला दुसरी शपथ सोडणाऱ्याला शासन करावे लागले. जो नवे राज्य उभारायला निघतो, त्यालाही निष्ठेवाचून चालत नाही. शपथ मोडण्याचा मार्ग सोपा आहे असे ज्याला वाटते, त्याने ही गोष्ट विसरू नये.

आपल्या दीनने याबाबत काय शिकवले आहे? वचन पाळा, वचनाबद्दल जाब द्यावा लागेल, ही कुराण शरीफची ताकीद आहे. आणि शपथ मोडलीच तर कफ्फारा सांगितला आहे : दहा गरिबांना जेवण किंवा वस्त्र द्यावे अथवा गुलाम मुक्त करावा, आणि तेही जमत नसेल तर तीन रोजे ठेवावेत. हा हुकूम अल्लाहच्या नावे घेतलेल्या शपथेचा आहे. सैन्याच्या शपथेला तो जसाच्या तसा लावण्याचा माझा हेतू नाही. पण त्यातून एक तत्त्व हाती लागते. शपथ मोडणे फुकट नसते, त्याची किंमत मोडणाऱ्याने स्वतःच्या पदरातून द्यायची असते.

शाहनवाज यांनी ती दिली. हुद्दा गेला, पगार गेला. स्वतंत्र भारताने आझाद हिंद सेनेच्या लोकांना सैन्यात परत घेतले नाही, ही कटू गोष्टही त्यांनी सोसली. १९४७ मध्ये मटोर पाकिस्तानात गेले, तरी त्यांनी भारत निवडला. पुढे मेरठमधून ते लोकसभेवर निवडून आले आणि केंद्रात उपमंत्री झाले. ९ डिसेंबर १९८३ रोजी ते पैगंबरवासी झाले.

आज आपला सैनिक कोणा राजाची शपथ घेत नाही. तो भारताच्या संविधानाशी निष्ठेची शपथ घेतो. भुलाभाईंनी दाखवलेली राजा आणि देश यांच्यातील फूट अशा रीतीने सांधली गेली आहे. आता कोणत्याही माणसापेक्षा, पक्षापेक्षा किंवा सेनापतीपेक्षा संविधान मोठे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी सैन्यात जाईल, कोणी पोलिसांत, कोणी डॉक्टर, कोणी वकील होईल. कोठेही गेलात तरी एके दिवशी तुम्हाला शपथ घ्यावी लागेल. त्या दिवशी शब्द नुसते उच्चारू नका, त्यांचा अर्थ समजून घ्या. न समजता घेतलेली शपथ पाळणेही कठीण आणि मोडणेही लाजिरवाणे. तो अर्थ समजण्याची ताकद तालीम देते. पालकांनो, आपण पोटाला चिमटा घेऊन मुलांना शाळेत पाठवता ते केवळ नोकरीसाठी नव्हे. कसोटीच्या घडीला आपले मूल कोणाच्या भीतीने नव्हे, तर स्वतःच्या विवेकाने उभे राहावे आणि त्याची किंमत मोजण्याची त्याची तयारी असावी, यासाठीही हे शिक्षण आहे.