उचल ते बचत : शहापूर-मुरबाडमधील कर्जमुक्तीचा उत्तरार्ध

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत भूमिहीन आदिवासी कुटुंबांच्या, विशेषतः कातकऱ्यांच्या, कर्जाचे चक्र पावसाळ्याशी बांधलेले आहे. पावसाळ्यात घरातले धान्य संपते, हाताला काम नसते, आणि नेमक्या त्या वेळी वीटभट्टीमालक दिवाळीनंतरच्या हंगामाची मजुरी आगाऊ देतो; हीच ‘उचल’. हंगामात आठवडी बाजारापुरती ‘खर्ची’ मिळते, आणि पावसाच्या तोंडावर हिशेब होऊन थापलेल्या विटांच्या मजुरीतून उचल व खर्ची वजा केली जाते. वही मालकाकडेच असल्याने ‘बाकी’ निघाली, की कुटुंब पुढच्या हंगामालाही त्याच भट्टीवर जाते.

कायद्याने ही बाकी पुसली. २२ ऑगस्ट १९७५ पासून महाराष्ट्राने अल्पभूधारक, ग्रामीण कारागीर व मजुरांची सावकारी कर्जे रद्द केली आणि १९७६ च्या केंद्रीय कायद्याने वेठबिगारीतून आलेले देणे संपुष्टात आणले; त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून पुढे श्रमजीवी संघटनेसारख्या संघटना ठाणे जिल्ह्यात लढल्या. मात्र रद्द झाले ते मागचे कर्ज. पुढच्या पावसाळ्याची गरज कायम राहिली. ती भागवण्यासाठी राज्याने आदिवासींना ‘खावटी’, म्हणजे पावसाळ्यातील उपजीविकेपुरते कर्ज, देण्याची योजना १९७८ मध्ये सुरू केली. २०२० मध्ये तिला अनुदानाचे रूप आले, तेव्हा चार हजारांपैकी दोन हजार रुपये बँक खात्यात आणि उरलेले वस्तुरूपात देण्याचे ठरले.

स्वतःची शिल्लक उभी करण्याचा मार्ग बचत गटाने दाखवला. १९९२ मध्ये नाबार्डने गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभला. दहा ते वीस बायकांनी दरमहा ठरलेली रक्कम जमा करायची, पदाधिकाऱ्यांच्या सह्यांनी चालणारे खाते उघडायचे, जमलेल्या पैशातून एकमेकींना कर्ज द्यायचे आणि बैठकीत सर्वांसमक्ष नोंदी वाचायच्या, अशी ही पद्धत होती. २८ ऑगस्ट २०१४ पासून जनधन योजनेने किमान शिलकीच्या अटीविना वैयक्तिक खाते दिले. परंतु खाते असणे म्हणजे बचत होणे नव्हे. भट्टीच्या हिशेबातून हाती आलेली रक्कम जूनमध्येच संपली, तर ऑगस्टमध्ये पासबुक असूनही उचल घ्यावीच लागते. म्हणूनच या भागात बचतीचे मोल व्याजापेक्षा वेळेवर ठरते : श्रावण-भाद्रपदात काढता येईल इतकी शिल्लक गाठीशी असेल, तरच मजुराला भट्टीवर जाण्यापूर्वी दराची बोलणी करता येतात.