दोर धरणारा

दिवाळीत घरोघरच्या नथी पेटीबाहेर निघतात आणि त्यांतले मोती ‘बसऱ्याचे’ म्हणून कौतुकाने दाखवले जातात. वास्तविक बसरा ही नुसती पेठ. मोती निघत ते इराणच्या आखातात, बहारीन-कुवेतकडच्या समुद्रतळाशी. आणि तेथून पुष्कळसा माल मुंबईच्या बाजारात येई. ते काढणारा पाणबुड्या म्हणजे ‘गव्वास’. नाकाला चिमटी, बोटांना चामड्याच्या टोप्या, पायाशी धोंडा आणि शिंपल्यांसाठी टोपली, एवढाच त्याचा सरंजाम. पण माझ्या मते त्याचे खरे साधन होडीवर उभे असे. त्याचे नाव ‘सैब’. खालून दोराला हिसका बसला, की सैबाने गव्वासाला वर ओढायचे. जपानातल्या ‘आमा’ बायका होडीतून खोल बुडी घेत, तेव्हा दोर धरून वर बहुधा नवराच बसे.

पोटासाठीची ही बुडी पुढे खेळ झाली. १९४९ साली रायमोंदो बुखेर या इटालियनाने कॅप्रीजवळ पैजेने ३० मीटर गाठले. १९७६ साली एल्बा येथे झाक मायोलने १०० मीटर. आकडे वाढले, पण शरीराचे नियम बदलले नाहीत. जीव गुदमरतो तो प्राणवायू संपल्याने नव्हे, कार्बन डायऑक्साइड साठल्याने. बुडीपूर्वी भराभर श्वास घेतला की तो इशाराच उशिरा मिळतो. शिवाय १० मीटरवरून वर येताना दाब निम्मा होतो, उरलासुरला प्राणवायू अपुरा पडतो आणि माणूस काठाशी येऊन बेशुद्ध होतो. अल्बर्ट क्रेग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ साली अशा बेशुद्धीची मीमांसा केली.

२००२ च्या ऑक्टोबरात डॉमिनिकन रिपब्लिकच्या समुद्रात ओद्रे मेस्त्र १७१ मीटरपर्यंत उतरली. तिला वर आणणारा फुगा नीट फुगला नाही. नळकांड्यात पुरेशी हवाच नव्हती. ती जिवंत परतली नाही.

१९९२ साली फ्रान्समध्ये ‘आयडा’ ही संस्था निघाली होती. तिच्या खोल बुडीच्या स्पर्धांत आज खेळाडू आखणीच्या दोराला एका आखूड दोरीने जोडलेला असतो आणि रक्षक पाणबुडे त्याला अर्ध्या वाटेत गाठतात. शिक्षक व्हायचे तर स्वतः किती खोल जातो एवढ्यावर भागत नाही. बेशुद्ध माणसाला खोल पाण्यातून वर आणून दाखवावे लागते, प्रथमोपचार यावे लागतात. नवशिक्याला पहिला धडा मिळतो तो असा : एक खाली, एक वर, आणि जोडीदार वर आल्यावरही त्याच्यावरून अर्धा मिनिट नजर काढायची नाही.

ही नजर फुकट मिळत नाही. २०१७ च्या जुलैत इजिप्तमधल्या दहाब येथे अलेस्सिया झेकिनी समुद्रातल्या विवरातून खडकाच्या कमानीपलीकडे निघाली आणि तिला वर नेणारा दोर सापडेना. रक्षक म्हणून उतरलेल्या आयरिश स्टीफन कीननने तिला गाठून वर आणले. तो स्वतः मात्र बुडाला.

विक्रमांच्या याद्यांत सैबाचे नाव कधीच नसते. मला तर या विद्येचा सारा इतिहास त्याच्याच हातातल्या दोराला धरून उभा दिसतो.