आर्पियेरा

चिलीतील लष्करी राजवटीच्या काळात (१९७३–१९९०) तेथील स्त्रियांनी गोणपाटावर चिंध्या शिवून केलेली चित्रे. ११ सप्टेंबर १९७३ रोजी जनरल आउगुस्तो पिनोशे यांच्या नेतृत्वाखाली लष्कराने साल्वादोर आयेंदे यांचे लोकनियुक्त सरकार उलथवले. राजवटीच्या काळात तीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली. अटकेत नेलेल्यांना हजर करण्यासाठी केलेले अर्ज न्यायालये जवळजवळ सरसकट फेटाळत. तुरुंग आणि शवागारांचे उंबरे झिजवणाऱ्या आया, बायका, बहिणी चर्चच्या मदतकेंद्रात एकमेकींना भेटल्या आणि १९७४ पासून सांतियागोत त्यांचे शिवणगट उभे राहिले. १९७६ मध्ये कार्डिनल राऊल सिल्वा एन्रीकेस यांनी स्थापलेल्या ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’ या संस्थेने या गटांना आश्रय दिला. पुढे नवऱ्याची नोकरी गेलेल्या झोपडवस्तीतील बायकाही त्यांत आल्या; चित्रे विकून घर चाले.

आर्पियेरांआधीही चिलीत भरतचित्रे होती. गायिका व्हियोलेता पारा यांची भरतचित्रे १९६४ मध्येच पॅरिसच्या लूव्हरमध्ये मांडली गेली होती. नव्या चित्रांत मात्र भरतापेक्षा ठिगळकाम अधिक. पिठाच्या पोत्याचा तुकडा, वर अँडीजची रांग आणि बहुधा सूर्य, कडेला लोकरीची विणलेली किनार. माणसे म्हणजे चिंध्यांच्या, लोकरीच्या केसांच्या बोटभर बाहुल्या. काही वेळा बेपत्ता माणसाचेच जुने कपडे कापून त्यांचे अंगरखे होत. ‘ते कुठे आहेत?’ असा फलक धरलेल्या बायका, बंद कारखाना, वस्तीतील सामायिक चूल, रस्त्यावरची धरपकड हे नेहमीचे विषय. मागच्या बाजूच्या लहान खिशात कधी घडी घातलेली चिठ्ठी असे.

लांबून हे काम गोधडीसारखे रंगीत, निरुपद्रवी दिसते. बायकांची शिवणकला म्हणून सत्ताधाऱ्यांनी आरंभी तिकडे काणाडोळा केला. ही चूक त्यांना महागात पडली. विकारियामार्फत चित्रे परदेशी गेली आणि निर्वासित चिलियन व मानवाधिकार गटांनी ती विकली. चित्रांची ख्याती वाढली तसे सरकारधार्जिण्या वृत्तपत्रांनी त्यांना देशाच्या बदनामीचे साधन ठरवले. सूडाच्या भीतीने बहुतेकींनी सही केली नाही, त्यामुळे अनेक चित्रांची कर्ती आज ओळखता येत नाही. केवळ लोककला म्हणून त्यांची वर्गवारी करणे अपुरे आहे, कारण घटना घडत असतानाच, त्या भोगणाऱ्यांनीच केलेली ही नोंद आहे.

१९८० च्या दशकात हे तंत्र पेरूमध्ये पोचले. तेथे अंतर्गत यादवीत गाव सोडावे लागलेल्या स्त्रियांनी ते स्वीकारले. सांतियागोत २०१० मध्ये उघडलेल्या स्मृती व मानवाधिकार संग्रहालयात आर्पियेरांचा संग्रह आहे. चिलियन अभ्यासक रोबेर्ता बासिक यांनी उत्तर आयर्लंडमधून अशा कापडांची अनेक प्रदर्शने घडवून आणली आहेत.