आमच्या गावचा सुपर प्रश्न

आमच्या गावात सुपरमार्केट येणार, ही बातमी मला एस.टी.ने दिली. कंडक्टरने नव्हे, खुद्द एस.टी.ने. २०१६ सालातला एक मंगळवार. सकाळी मी ओट्यावर दाढी करत बसलो होतो. ज्या बोळातून आजवर हातगाडीसुद्धा कुरकुरत गेली, त्या आमच्या बोळात लालभडक अख्खी एस.टी. शिरली. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "गुरुजी, तेवढा आरसा आत घेता का?" मी माझा आरसा आत घेतला, त्याने त्याचा घेतला आणि गाडी पुढे गेली. जाताना ओट्याची एक फरशी सोबत घेऊन गेली.

चौकशीअंती कळलं ते असं. जुन्या भातगिरणीच्या जागेवर सुपरमार्केट होणार, म्हणून मुख्य रस्ता रुंद होणार, म्हणून तो आधी खणला होता. रस्ता रुंद करायचा तर प्रथम तो नाहीसा करावा लागतो, हा बांधकामशास्त्राचा पहिला नियम आहे. त्यात मंगळवार म्हणजे आमचा आठवडी बाजार. उसाच्या ट्रॉल्या, शेळ्या, भांडीवाले, एक वरात आणि एक एस.टी. अशी सगळी मंडळी दुपारी बारा वाजता एकाच बोळात समोरासमोर आली. वरातीतला बँडवाला तेवढा खूष होता. त्याला तीन तास श्रोते मिळाले.

गावात ताबडतोब दोन पक्ष पडले. तरुण मंडळी म्हणाली, "विकास येतोय." व्यापारी म्हणाले, "आमची तेराव्याची तयारी करा." सुनांचा पक्ष न बोलता सुपरमार्केटच्या बाजूचा होता. तिथे वस्तूवर भाव छापलेला असतो आणि काय घेतलं ते शेठ सासूबाईंना सांगत नाही! शेजारच्या आजींनी फक्त एवढंच विचारलं, "तिथं सुटी तपकीर मिळंल का?" या प्रश्नाचं उत्तर दोन्ही पक्षांकडे नव्हतं.

शेवटी नगर वाचनालयात सभा भरली. अध्यक्ष मला म्हणाले, "गुरुजी, तुम्ही इतिहासाचे. माइकवाला वाहतुकीत अडकलाय, तोवर जरा इतिहास सांगा." चाळीस वर्षं शाळेत हेच काम केलं. खरा तास सुरू होईपर्यंत पोरं शांत ठेवायला इतिहास असतो.

मी म्हणालो, बाजार आणून बसवणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. पेशवाईत नवी पेठ वसवायची तर शेटे-महाजन नेमत, व्यापाऱ्यांना कौल देत आणि काही वर्षं कर माफ करत. आज उद्योगांना सवलती देतात, त्या काही आजच्या साहेबांनी शोधून काढलेल्या नाहीत. तेव्हाही जुन्या पेठेतले दुकानदार 'आम्ही काय पाप केलं?' असं म्हणालेच असतील.

सुपरमार्केटचं मूळ मात्र अमेरिकेत. १९१६ साली मेंफिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या गृहस्थाने 'पिगली विगली' नावाचं दुकान काढलं. तोवर तिकडेही आपल्यासारखंच होतं. गिऱ्हाइकाने मागायचं आणि नोकराने फळीवरून काढून द्यायचं. साँडर्सने गिऱ्हाइकाच्याच हाती टोपली दिली. म्हणजे नोकराचं काम गिऱ्हाइकाने करायचं आणि वर पैसेही त्यानेच द्यायचे! एवढी मोठी युक्ती काढणारा माणूस १९२३ साली शेअरबाजारात पार बुडाला. त्याचा गुलाबी संगमरवराचा अर्धवट बंगला पुढे संग्रहालय झाला. (इथे व्यापारी पक्षाने टाळ्या वाजवल्या.)

१९३७ साली ओक्लाहोमा शहरात सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने चाकांची ढकलगाडी आणली. तिला कोणी हात लावेना. पुरुषांना वाटे, आपण टोपली उचलण्याइतकेही धड नाही की काय? बायका म्हणत, आयुष्यभर बाबागाड्याच ढकलल्या, आता पुरे. अखेर गोल्डमनने पगारी माणसं ठेवली. त्यांनी गिऱ्हाइकाचं सोंग घेऊन गाड्या ढकलत फिरायचं. मग लोक भुलले. (इथे तरुण पक्षाने टाळ्या वाजवल्या. का, ते मला अजून कळलेलं नाही.)

आपल्याकडे १९६६ साली रुपयाचं अवमूल्यन झालं, महागाई भडकली आणि सरकारने दिल्लीत सुपर बाजार काढला. मुंबईत नायगावच्या कामगारांनी १९४८ सालीच सहकारी भांडार काढलं होतं, तेच पुढे 'अपना बाजार' झालं. वारणानगरला तर तात्यासाहेब कोऱ्यांनी साखर कारखान्यापाठोपाठ ग्रामीण भागातच सहकारी बाजार उभा केला. तेव्हा खेड्यात असली दुकानं चालत नाहीत, असं काही नाही. प्रश्न ते कोणाचं असतं, हा आहे. २०१२ साली परदेशी दुकानांना एक्कावन्न टक्के परवानगी मिळाली, ती मुख्यतः दहा लाखांवरच्या शहरांसाठी. आमची वस्ती तीस हजार, तीही जत्रेच्या दिवशी. म्हणजे आम्हाला बुडवायला देशी माणसंच येणार, एवढा दिलासा होता.

मग मी शेरिंगहॅमची गोष्ट सांगितली. इंग्लंडात नॉरफकच्या किनाऱ्यावरचं हे गाव, वस्ती सात हजारांच्या आसपास. २०१४ साली भाच्याकडे गेलो असताना ते पाहिलं. १९९६ साली टेस्को कंपनीने तिथे दुकान काढायला परवानगी मागितली आणि गाव भांडायला बसलं. खाटिक, बेकरीवाले, मासेवाले यांचं काय होणार? अरुंद रस्त्यांचं काय होणार? अर्ज, नकार, अपील, पुन्हा अर्ज! चौदा वर्षांनी, २०१० साली, परवानगी मिळाली आणि २०१३ साली दुकान उघडलं. मी गेलो तेव्हा एका चहाच्या दुकानातल्या म्हातारीला सहज विचारलं, "तुम्ही कोणत्या बाजूच्या?" तिने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "कुणापाशी बोलू नका, पण दूध मी तिथूनच आणते."

सभेत हशा पिकला. माझ्या शेठला मात्र हसू आलं नाही. तो मागच्या बाकावर बसला होता. सभेने काहीही ठरवलं नाही. माइकवाला आला तेव्हा आम्ही राष्ट्रगीताला उभे होतो.

शेठचं आणि माझं नातं १९७२ सालचं. दुष्काळाचं वर्ष. मी नवा मास्तर, पगार तीन-तीन महिने नाही, घरात दोन लहान पोरं. शेठचे वडील तेव्हा गल्ल्यावर बसत. मी दुकानासमोरून मान खाली घालून जायचो, तर तेच हाक मारायचे, "मास्तर, ज्वारी आलीय. घेऊन जा, वहीत लिहितो." लिहीत ते, पण मागत नसत. त्या लाल वहीत आमच्या घराची दोन पानं होती. ती फिटायला १९७५ उजाडलं. एवढ्या वर्षांत ढकलगाडीचे किती प्रकार निघाले, पण 'सावकाश द्या' म्हणणारी गाडी काही अजून निघालेली नाही.

तर पुढे सुपरमार्केट झालं. उद्घाटनाला मी गेलो नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. चौथ्या दिवशी गेलो. आत गारवा होता, खुर्ची होती आणि साखर किलोमागे दोन रुपयांनी स्वस्त होती. गोल्डमनची गाडी मी दोनदा रिकामीच फिरवली आणि मग पाच किलो साखर घेतली. दहा रुपये वाचले.

बाहेर आलो आणि लक्षात आलं, मुख्य रस्ता अजून खणलेलाच. घरी जायला वाट एकच, शेठच्या दुकानावरून. पिशवीवर सुपरमार्केटचं नाव हातभर मोठ्या अक्षरात. ती मी धोतराच्या बाजूला धरली, मग पाठीमागे धरली, पण पाच किलो साखर काही लपत नाही.

शेठने पाहिलंच. जागेवरून उठला. आता काय बोलतो म्हणून मी उभा राहिलो.

"साखर घेतलीत का गुरुजी? बरं केलंत. माझ्याकडची आज संपलीच होती."

त्याच्या पाठीमागे साखरेचं पोतं होतं. काठोकाठ भरलेलं.